एस्प्रेसो स्वयंपाकात: आधी पाण्याचा हिशेब, मग कॉफी

एस्प्रेसो मशीनमध्ये १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅमचा डबल शॉट, म्हणजे दाबाने काढलेली एका वेळची घट्ट कॉफी, काढला, तर त्यात कॉफीचा अंश असतो जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम. बाकी सगळं पाणी. पिताना हे लक्षात घ्यायची गरज नसते. पण हाच शॉट खव्यात ओतला की पेढे वळत नाहीत, चक्क्यात घातला की श्रीखंड वाटीत पसरतं आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये पडला की त्याचा रवाळ गोळा होतो. मग ‘कॉफीने पदार्थ बिघडला’ असं म्हटलं जातं. बिघडवलेलं असतं दोन मोठे चमचे पाण्याने, कारण कृतीत त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

म्हणून एस्प्रेसो कशातही घालण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. यातलं पाणी कुठे जाणार? आणि कॉफीचा वास शेवटपर्यंत टिकवायचा आहे की तिचा नुसता कडसर आधार हवा आहे? पहिल्या उत्तरावरून शॉट केवढा काढायचा ते कळतं, दुसऱ्यावरून तो कधी घालायचा ते.

स्वयंपाकासाठी शॉट काढताना

हलक्या भाजणीची कॉफी कपात सुंदर लागते, पण तिचा फळांसारखा आंबटपणा दुधा-दह्याच्या पदार्थात नासल्यासारखा वाटतो. स्वयंपाकाला मध्यम ते गडद भाजणीची, चिकमगळूर किंवा कोडगूकडची अरेबिका घ्यावी. दुधाच्या पदार्थांसाठी सगळ्यात निर्धोक म्हणजे मॉन्सून्ड मलबार. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी दमट वाऱ्यात या बिया मुद्दाम ठेवतात. त्या फुगतात आणि त्यांचा आंबटपणा बराच उतरतो. चॉकलेट आणि मटणासाठी मात्र २०-३० टक्के रोबस्टा जातीची कॉफी असलेलं मिश्रण जास्त चांगलं, कारण तिथे दाटपणा आणि कडवटपणा दोन्ही उपयोगी पडतात. चिकोरी मिसळलेली पूड एस्प्रेसो मशीनमध्ये घालू नये. ती फुगून चिकट होते आणि जाळी तुंबवते.

प्रमाण नेहमीचंच: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम शॉट, २५ ते ३० सेकंद, पाणी ९३ अंशांच्या आसपास. घरगुती लहान मशीनच्या ५१ मिमीच्या जाळीत १४-१६ ग्रॅमच बसतात, तेव्हा शॉटही त्याच हिशेबात २८-३२ ग्रॅम घ्यावा. हा झाला ‘पूर्ण शॉट’. केक, पाक, रस्सा अशा ओल्या पदार्थांना तो चालतो. खवा, चक्का यांसाठी ‘आखूड शॉट’ काढायचा: १८ ग्रॅम पूड आणि २७ ग्रॅमवर थांबायचं. कॉफीचा बहुतेक अंश सुरुवातीच्या धारेतच उतरतो, त्यामुळे चव फारशी कमी होत नाही आणि ९ ग्रॅम पाणी वाचतं. शॉट लांबवून जास्त करायला जाऊ नये. शेवटचे थेंब म्हणजे पाणी आणि करपट कडवटपणा.

मोजायचं ते वजनावर. ताज्या शॉटवर फेस असतो, त्यामुळे मापाच्या पेल्यात तो ५०-६० मिली दिसतो आणि दहा मिनिटांनी खाली बसतो. ढवळून फेस मोडा, मग वापरा. त्याआधी अर्धा चमचा बिनसाखरेचा चाखून बघा. जिभेच्या कडा आवळणारा आंबट लागला तर दळण बारीक करायला हवं, राखेसारखा लागला तर जाड. पदार्थात घातल्यावर कडवटपणा दबेल ही अपेक्षा फोल आहे, पदार्थ आटताना तो वाढतोच.

पाण्याबद्दल एकच. पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी गाळून वापरलं की काम भागतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार कॉफीची चव सपाट करतात आणि मशीनमध्ये खापरी धरतात.

मशीन नसेल तर

इथेही हिशेब पाण्याचाच. तीन कपांच्या मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं) साधारण १६ ग्रॅम पूड बसते आणि १२० ग्रॅमच्या आसपास कॉफी मिळते. कॉफीचा अंश जवळपास एका शॉटएवढा, पाणी मात्र तिप्पट-चौपट. म्हणून मोकाची कॉफी केक, पाक, तिरामिसू यांत कृतीतल्या पाण्याऐवजी बेलाशक वापरा. खव्यात आणि चक्क्यात नको. मोकात पाणी आधीच उकळून व्हॉल्वच्या खालपर्यंत भरा, पूड दाबू नका, आच मंद ठेवा आणि फसफस सुरू झाली की लगेच उतरवा. दाक्षिणात्य फिल्टरचं पहिलं डिकॉक्शन मोकाच्या जागी चालतं, मात्र पूड बिनचिकोरीची हवी.

इन्स्टंट कॉफीला नाक मुरडायचं कारण नाही. ती म्हणजे पाणी काढून टाकलेला कॉफीचा अंशच. २ सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम इन्स्टंट, ३० मिली गरम पाण्यात विरघळवली की तीव्रतेत एका शॉटएवढी होते. वास एस्प्रेसोचा नसतो, पण जिथे पाणी अजिबात चालत नाही तिथे तिच्यासारखी दुसरी सोय नाही. पाकीट मात्र वाचून घ्या. ७०-३० लिहिलेलं असेल तर त्यात ३० टक्के चिकोरी असते आणि पदार्थाला काढ्यासारखी गोडसर-कडू चव येते.

आणखी एक सोपा मार्ग: पुण्यात आता जवळपास प्रत्येक उपनगरात चांगलं मशीन असलेला कॅफे आहे. तिथून बिनसाखरेचा डबल एस्प्रेसो घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीतून आणा. भाजणी कुठली ते मात्र विचारा. बरेच कॅफे हलक्या भाजणीचा अभिमान बाळगतात आणि तीच आपल्याला नको असते.

शॉट आटवू नका

पाणी नको, मग शॉट उकळून निम्मा करू, असं वाटणं साहजिक आहे. तसं केलं की वास खिडकीबाहेर जातो आणि मागे उरतो तो तुरटपणा. कॉफी बराच वेळ तापत राहिली की तिच्यातली क्लोरोजेनिक आम्लं तुटून क्विनिक आम्ल वाढतं. दिवसभर शेगडीवर ठेवलेल्या कॉफीची चव याच कारणाने बिघडते. तीव्रता वाढवायची असेल तर आखूड शॉटमध्येच २ सपाट चमचे इन्स्टंट विरघळवा. पाणी तेवढंच राहतं, कॉफी दुप्पट होते. पुढे याला ‘दुहेरी शॉट’ म्हटलं आहे; सुरुवातीचा डबल शॉट म्हणजे साधा पूर्ण शॉटच.

खवा: कॉफीचे पेढे

एस्प्रेसोची खरी परीक्षा खव्यात होते, आणि जमलं तर फळही इथेच सगळ्यात मोठं. भाजलेल्या खव्याचा खमंगपणा आणि भाजलेल्या कॉफीचा वास एकमेकांना धरून राहतात. पेढ्यासाठी घट्ट, दाणेदार खवा मागून घ्या. गुलाबजामचा खवा ओलसर आणि मऊ असतो, त्यात आणखी पाणी नको.

२५० ग्रॅम खवा, २७ ग्रॅमचा एक आखूड शॉट, ८० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा सपाट चमचा इन्स्टंट, चिमूटभर मीठ, जायफळ.

खवा किसून जाड बुडाच्या कढईत घ्या आणि मंद आचेवर ८-१० मिनिटं परता. आधी तो सैल पडेल, कडेला तूप दिसेल, मग गोळा जमायला लागेल. रंग फिका बदामी झाला की गॅस बंद करून कढई उलथन्यासकट वजनकाट्यावर ठेवा. काटा तापू नये म्हणून खाली पोळपाट ठेवून आधी काटा शून्यावर आणा. आकडा लिहून ठेवा. आता कढई परत मंद आचेवर चढवून शॉट दोन हप्त्यांत घाला आणि सतत हलवत राहा. खवा पुन्हा सैल होईल, घाबरू नका. चार-सहा मिनिटांनी परत वजन करा. लिहिलेल्या आकड्याच्या दोन-तीन ग्रॅम वर आलं की थांबायचं, कारण तेवढा कॉफीचा अंश आत राहिलेला असतो आणि पाणी गेलेलं असतं. ‘कडा सुटल्या की झालं’ ही जुनी खूण बरोबर आहे, पण कॉफीने खवा काळसर झाल्यावर ती नीट दिसत नाही. वजन फसवत नाही.

मग खवा ताटात काढून कोमट होऊ द्या. इन्स्टंट पिठीसाखरेबरोबर खलबत्त्यात बारीक करा आणि साखर, मीठ, जायफळ मिसळून मळा. ही अर्धा चमचा पूड महत्त्वाची आहे. परतताना शॉटचा वरचा वास उडालेला असतो, तो ती भरून काढते. साखर खवा गरम असताना घातली तर ती वितळते, गोळा सैल पडतो आणि गार झाल्यावर पेढा चिवट होतो. तूप सुटून गोळा फुटायला लागला तर खवा जास्त परतला गेला आहे. एक चमचा कोमट दूध घालून मळला की सावरतो. पेढ्यावर काळे ठिपके आले तर इन्स्टंट नीट कुटली गेलेली नाही.

जायफळाविषयी एवढंच, की आपल्याकडे कॉफीत ते पूर्वीपासून घालतात आणि ते बरोबरच आहे. एस्प्रेसोच्या गोड पदार्थातही तेच घाला. वेलची कॉफीला झाकून टाकते, केशर तर पैसे वाया घालवणं आहे.

चक्का

श्रीखंडात पाणी आटवता येत नाही, म्हणून ते आधीच काढून टाकायचं. ५०० ग्रॅम चक्का स्वच्छ फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, वर वजन देऊन फ्रीजमध्ये ठेवा आणि तो ४७० ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत निथळू द्या. दोन-तीन तास लागतात. विकतचा चक्का ओलसर असेल तर लवकरही होतं. जेवढं निथळलं तेवढंच पाणी शॉटमधून परत येणार आहे.

चक्का शक्य तितका गोड हवा. दोन आंबटपणा एकत्र आले की साखर कितीही घातली तरी उपयोग होत नाही. चाखून चक्का आंबट लागला तर त्या दिवशी साधं श्रीखंड करा.

३५० ग्रॅम साखर चक्क्यात मिसळून तासभर ठेवा, पुरणयंत्रातून काढा आणि सगळ्यात शेवटी पूर्ण गार झालेला एक दुहेरी शॉट घालून हलक्या हाताने एकजीव करा. नुसता एक शॉट एवढ्या साखर-चक्क्यात हरवतो, म्हणून दुहेरी. शॉट कोमट असला तरी श्रीखंड पातळ होतं. चार तास गार केल्यावर चव जुळून येते. लगेच चाखलं तर कॉफी वेगळी आणि चक्का वेगळा लागतो, तेव्हा घाईने आणखी कॉफी घालू नका.

बासुंदी, खीर आणि दूध फाटण्याची भीती

ताज्या दुधाचा सामू ६.६-६.७ असतो, कॉफीचा ५ च्या जवळपास. दूध ताजं असेल तर एका शॉटने ते फाटत नाही. पण दोन-तीनदा तापवलेलं किंवा उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेलं दूध आधीच आंबटाकडे झुकलेलं असतं. त्यात उकळता उकळता कॉफी पडली की केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, गोळा होतं. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की फाटतं, म्हणून दोन्ही वेगळे ठेवायचे.

१ लिटर म्हशीचं दूध आटवून अर्धा लिटर करा, ८० ग्रॅम साखर घाला, उतरवा. भांड्याला हात लावून धरता येईल इतकं निवलं की एका वाटीत ३६ ग्रॅमचा शॉट घ्या आणि त्यात बासुंदी चमचा-चमचा घालत ढवळा. वाटी भरत आली की ते मिश्रण भांड्यात ओता. म्हणजे दुधात कॉफी न घालता कॉफीत दूध घालायचं. शंका असेल तर आधी दोन चमचे दूध आणि चार थेंब शॉट कढल्यात उकळून बघा. कण दिसले नाहीत तर पुढे जा. फाटू नये म्हणून सोडा घालण्याची युक्ती सांगितली जाते, पण तिने साबणासारखी चव येते.

चॉकलेट आणि केक

वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडं पाणी जास्त पाण्यापेक्षा वाईट. काही थेंबांनी कोको आणि साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. द्रवाचं प्रमाण चॉकलेटच्या वजनाच्या निदान पाव भाग झालं की ते पुन्हा मऊ होतं. म्हणजे २०० ग्रॅम चॉकलेटला कमीत कमी ५० ग्रॅम द्रव हवा, आणि आपला शॉट ३६ चाच. तो एकटा ओतला की गोळा ठरलेला.

म्हणून गनाशमध्ये, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या मऊ मिश्रणात, शॉट आधी क्रीममध्ये मिसळा. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम २५ टक्के फॅटचं साधं फ्रेश क्रीम, ३६ ग्रॅम शॉट, चिमूटभर मीठ. क्रीम आणि शॉट कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात न लावता थांबा, मग मधून बाहेर ढवळत या. तेल वेगळं दिसायला लागलं तर एक-एक चमचा कोमट दूध घालत ढवळा, पुन्हा जुळतं. मीठ विसरू नका, कडवटपणा जिभेला कमी जाणवतो तो मिठाने. साखरेने तो फक्त झाकला जातो.

बिनअंड्याच्या कोको केकमध्ये एस्प्रेसो सगळ्यात सहज बसतो, कारण त्या कृतीत पाणी असतंच. १९० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कोको, १ चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, ७५ मिली बिनवासाचं तेल, १ मोठा चमचा व्हिनेगर आणि २४० मिली द्रव. हा द्रव असा: दोन पूर्ण शॉट म्हणजे ७२ ग्रॅम, आणि १६८ मिली पाणी. शॉट गरम असतानाच कोको त्यात कालवा, रंग आणि वास दोन्ही खुलतात. मग उरलेलं गार पाणी घालून मिश्रण कोमट करा आणि त्यानंतरच बाकीचं मिसळा. गरम मिश्रणात सोडा गेला तर बुडबुडे भट्टीत जाण्याआधीच संपतात आणि केक बसका होतो. कॉफी आंबट आहे म्हणून व्हिनेगर वगळू नका. सोड्याला पुरेल इतकं आम्ल तिच्यात नसतं. ८ इंची साच्यात, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. मैदा दिसेनासा झाला की ढवळणं थांबवा.

हा केक कॉफीचा लागत नाही, चॉकलेटचा जास्त लागतो. कॉफीचा लागावा असं वाटत असेल तर कोको १० ग्रॅमने कमी करून तेवढाच मैदा वाढवा.

पाक आणि कॅरॅमल

कॉफीचे गुलाबजाम करायचे तर ४०० ग्रॅम साखरेला एरवी ३०० मिली पाणी घेत असाल, तर इथे २६५ घ्या. चिकट पाक करून गॅस बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग ३६ ग्रॅमचा शॉट घाला. उकळत्या पाकात घातला तर वास राहत नाही. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. परदेशी कृतीत दिलेल्या पाकाच्या तापमानातून दोन अंश वजा करा.

मस्तानी आणि थंड दुधासाठी सिरप ठेवायचं तर १०० ग्रॅम साखर आणि ७२ ग्रॅम शॉट फक्त साखर विरघळेपर्यंत गरम करा. फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतं.

कॅरॅमलला जपून. १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवून तांबूस झाली की गॅस बंद करा आणि ६० ग्रॅम क्रीममध्ये मिसळलेला गरम शॉट थोडा-थोडा घाला. साखर तेव्हा १७० अंशांच्या वर असते, गार द्रव पडला तर उसळी हातावर येते. खोल भांडं घ्या, लांब दांड्याचा चमचा वापरा, मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. शेवटी ३० ग्रॅम लोणी आणि मीठ. साखर नेहमीपेक्षा एक छटा फिकी असतानाच थांबवा, उरलेला कडवटपणा कॉफी आणणारच आहे.

मस्तानी, अफोगातो, तिरामिसू

मस्तानीत गरम शॉट घातला की आइस्क्रीम वितळून नुसतं दूध होतं. शॉट बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे ३६ ग्रॅम खडे, २०० मिली थंडगार दूध, दोन गोळे व्हॅनिला आणि दोन चमचे साखर एकत्र फिरवा, वरून तिसरा गोळा सोडा. अफोगातोत उलट. तिथे वितळणंच हवं असतं: गार केलेली वाटी, १०० ग्रॅम आइस्क्रीम, त्यावर त्याच क्षणी काढलेला शॉट. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असेल तर त्यात वनस्पती तेल असतं आणि गरम कॉफीत त्याचा तेलकट थर जिभेवर राहतो. दुधाचं आइस्क्रीमच घ्या.

तिरामिसूला २०० ग्रॅम लेडीफिंगर बिस्किटांसाठी चार शॉट आणि तेवढंच पाणी, म्हणजे २९० मिलीच्या आसपास, पूर्ण गार करून. बिस्किट प्रत्येक बाजूने एक सेकंद बुडवायचं, जास्त नाही. बिस्किटं मिळाली नाहीत तर साध्या स्पंजच्या पट्ट्या १२० अंशांवर २०-२५ मिनिटं वाळवून घ्या. श्रूजबेरी किंवा नानकटाई वापरू नका, त्यांतल्या लोणी-तुपामुळे कॉफी आत शिरत नाही.

तिखटात: मटण आणि काळे वाटाणे

अमेरिकेच्या दक्षिणेकडे हॅम तळून झाल्यावर तव्यात काळी कॉफी ओतून रेड-आय ग्रेव्ही करतात. तव्याला लागलेली खरवड कॉफी सोडवून घेते. सुकं मटण किंवा कलेजी परतताना कढईला धरलेला मसाला सोडवायला पाण्याऐवजी अर्धा शॉट ओतून बघा, तत्त्व तेच.

पण आपल्याकडे एस्प्रेसोची हक्काची जागा काळ्या मसाल्याच्या रश्श्यात आहे. भाजलेलं खोबरं, दगडफूल, करपत आलेला कांदा यांच्यात आणि गडद कॉफीत भाजणीचे वास सारखेच असतात. इथे पाण्याचा प्रश्न नाही, रश्श्यात ३६ ग्रॅम कुठेही सामावतं. इथे प्रश्न वेळेचा आहे.

५०० ग्रॅम मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून नेहमीसारखं शिजवून घ्या. कॉफी कुकरमध्ये घालू नका, दाबाखाली ती तुरट होते. वाटणासाठी ५० ग्रॅम सुकं खोबरं आणि दोन कांदे भाजताना नेहमीपेक्षा एक पायरी आधी थांबा. खोबरं बदामी असावं, काळं नको. वाटण काळपट भाजून वर कॉफी घातली की रस्सा कडू होतो आणि तो कशानेही सुधारत नाही. वाटणात दीड मोठा चमचा काळा मसाला घालून तेल सुटेपर्यंत परता, मटण आणि साधारण ६०० मिली अळणी सूप घाला. एक उकळी आली की ३६ ग्रॅम शॉट आणि सुपारीएवढा गूळ घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं ठेवा. मीठ शेवटी चाखून.

टोमॅटो आणि चिंच या रश्श्यात नकोत. आंबटपणा कॉफी घेऊन येते. हिंग-कढीपत्त्याच्या फोडणीशी तिचं जमत नाही, म्हणून आमटीत तिला घालू नये. जेवणाऱ्याला ‘यात कॉफी आहे’ हे ओळखू आलं तर प्रमाण चुकलं आहे. मसाला खोल गेल्यासारखा वाटला पाहिजे, एवढंच. जास्त झालीच तर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि चमचाभर तूप घाला. बटाटा टाकून कडवटपणा शोषला जात नाही.

मटण न खाणाऱ्यांसाठी हेच सगळं काळ्या वाटाण्यांच्या उसळीला लागू. २०० ग्रॅम कोरडे वाटाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवा, मग वाटण, मसाला आणि शेवटी शॉट. वाटाणे शिजण्याआधी कॉफी घालू नका, आंबट पाण्यात कडधान्य शिजायला जास्त वेळ घेतं.

मशीनमधून निघालेला चोथा मात्र कशातही घालू नका. त्यातलं चांगलं ते शॉटमध्ये उतरलेलं असतं, राहतो तो रवाळ कडूपणा. तो कुंड्यांमधल्या खताला द्या.

साठवण आणि कॅफिन

केक, पाक आणि रश्श्यासाठी शॉट झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालतो. त्याहून जास्त ठेवायचा तर गार करून बर्फाच्या साच्यात गोठवा, मग खडे घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, नाहीतर शेजारच्या वाटणाचा कांदा-लसूण त्यांत मुरतो. एका खड्याचं वजन एकदा करून डब्यावर लिहून ठेवा. महिनाभरात संपवा.

शिजवल्याने किंवा भाजल्याने कॅफिन उडून जात नाही. अरेबिकाच्या एका डबल शॉटमध्ये साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम कॅफिन असतं, रोबस्टा असेल तर आणखी वाढतं. वरच्या केकमध्ये दोन शॉट आहेत; बारा तुकडे केले तर एकात २०-२५ मिलिग्रॅम येतं. रात्रीच्या जेवणानंतर पेढे ठेवायचे असतील किंवा लहान मुलं असतील तर डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेल्या, बिया वापरा. प्रमाण तेच ठेवा, आणि कमी पडणाऱ्या वासासाठी पेढ्यात घालायची ती पूडही डीकॅफ इन्स्टंटचीच घ्या.